मिठातून आलेला पाइप

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं, की गोळपच्या पुढे समुद्राच्या अंगाला रनपारचा कारखाना लागतो. फिनोलेक्स इंडस्ट्रीजने जर्मनीतल्या ऊडे या कंपनीच्या तंत्रज्ञानावर तो उभारला आणि 1994 साली तिथून पीव्हीसीची पावडर बाहेर पडू लागली. आज त्याची क्षमता वर्षाला सुमारे 2 लाख 72 हजार टनांची आहे. त्यातली बहुतेक पावडर पाइप आणि फिटिंगसाठी जाते. म्हणजे चिपळूणच्या वाडीत किंवा सोलापूरच्या उसात टाकलेल्या पाइपाचा जन्म रनपारच्या किनाऱ्यावर झालेला असू शकतो.

बागायतदार ज्याला नुसतं 'पाइप' म्हणतो, त्या पीव्हीसीचं पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड. त्याच्या वजनातला सुमारे 57 टक्के भाग क्लोरीनचा असतो आणि उरलेला 43 टक्के कार्बन-हायड्रोजनचा. पॉलिथिलीनची पिशवी किंवा पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची जवळजवळ सगळीच खनिज तेलातून किंवा नैसर्गिक वायूतून आलेली असते. पीव्हीसीचा निम्म्याहून जास्त भाग मात्र मिठातून येतो, कारण क्लोरीन मिळतो तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. पीव्हीसीचं सगळं बरं-वाईट या क्लोरीनपाशी येऊन थांबतं. तो साखळीत कसा बसतो आणि केव्हा निसटतो एवढं नीट कळलं, तर कोणता पाइप घ्यावा, तो कुठे टाकावा आणि जुना झाल्यावर त्याचं काय करू नये, हे कोणाला विचारावं लागत नाही.

रनपारला जेटी का लागली, तिथून सुरुवात करू. पीव्हीसीचा कच्चा माल म्हणजे इथिलीन, इथिलीन डायक्लोराइड आणि व्हिनाइल क्लोराइड. इथिलीन हा वायू उणे 104 अंश सेल्सिअसला द्रव होतो, व्हिनाइल क्लोराइड उणे 13 अंशांच्या आसपास. असा माल जहाजाने आणायचा तर तो अतिथंड द्रव रूपातच आणावा लागतो आणि उतरवून घेणाऱ्या नळ्या आणि टाक्याही तितकाच थंडावा राखणाऱ्या लागतात. रनपारची खुल्या समुद्रातली जेटी त्यासाठीच बांधली गेली. देशातल्या खासगी क्षेत्रातली अशा प्रकारची पहिली जेटी म्हणून ती ओळखली जाते. इथिलीन डायक्लोराइड मात्र साध्या तापमानाला द्रवच असतं. त्यात क्लोरीन आधीच इथिलीनशी बांधलेला असल्यामुळे मोकळा विषारी क्लोरीन वायू समुद्रावरून आणण्याचा प्रश्न उरत नाही. विषारी ते द्रवही आहेच, पण हाताळायला वायूपेक्षा पुष्कळ सोपं.

हे इथिलीन डायक्लोराइड सुमारे 500 अंशांच्या भट्टीतून नेलं, की त्याचा रेणू दुभंगतो. एक भाग व्हिनाइल क्लोराइड, दुसरा हायड्रोजन क्लोराइड. हा दुसरा भाग फेकून द्यायचा तर निम्मा क्लोरीनच वाया गेला. म्हणून त्याची तांब्याच्या क्षाराच्या साक्षीने इथिलीन आणि ऑक्सिजनशी पुन्हा गाठ घालतात आणि त्यातून पुन्हा इथिलीन डायक्लोराइड बनवतात. ते परत भट्टीत. एकदा आत आलेला क्लोरीन या फेऱ्यात फिरत राहतो आणि शेवटी बहुतेक सगळा व्हिनाइल क्लोराइडमध्ये उतरतो. पीव्हीसीच्या सगळ्या उद्योगातली ही मला सर्वांत देखणी वाटणारी पायरी. इथे काटकसर आणि सुरक्षितता दोन्ही एकाच क्रियेत साधल्या जातात.

व्हिनाइल क्लोराइड हा अगदी लहान रेणू. दोन कार्बन, तीन हायड्रोजन, एक क्लोरीन. दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो. त्यातला एक सुटला, की दोन्ही बाजूंना शेजाऱ्याचा हात धरायला जागा होते. असे हजार-हजार रेणू ओळीने जोडले गेले, की पीव्हीसीची साखळी तयार. 1835 साली फ्रान्सच्या आंरी व्हिक्तोर रेन्यो यांनी व्हिनाइल क्लोराइड बनवलं होतं आणि 1872 साली जर्मनीच्या ऑयगेन बाउमान यांना हा वायू भरलेल्या, उन्हात राहिलेल्या नळीत पांढरा घन पदार्थ साचलेला आढळला. पण त्या पांढऱ्या पदार्थाचं करायचं काय, हे पुढची पन्नास वर्षं नीट कोणाला सुचलं नाही. ते ठिसूळ होतं आणि तापवून वळवायला जावं तर वितळण्याआधीच काळं पडायचं.

आजच्या कारखान्यात ही जोडणी पाण्यात करतात. मोठ्या बंद पात्रात पाणी भरून त्यात दाबाखाली द्रव व्हिनाइल क्लोराइड सोडतात आणि पंख्याने जोरात घुसळतात. तेलासारखंच तेही पाण्यात मिसळत नाही, त्याचे बारीक थेंब होतात. हे थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखं द्रव्य असतं आणि साखळी सुरू करून देणारं पेरॉक्साइड थेंबांच्या आत असतं. प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटी भट्टीच होते. जोडणीतून खूप उष्णता बाहेर पडते. ती शोषून घेण्याचं काम भोवतालचं पाणी करतं. तापमान साधारण 50 ते 70 अंशांमध्ये ठरवून धरायचं असतं, कारण साखळी किती लांब होणार हे त्या तापमानावर ठरतं. थंड ठेवलं तर लांब साखळ्या, गरम ठेवलं तर आखूड. लांबीचं हे माप 'के व्हॅल्यू' या आकड्याने सांगतात. पाइपाला साधारण 67 के व्हॅल्यूची पावडर लागते, आणि एल्बो किंवा टीसारखे साच्यात ओतायचे भाग करायला 57 च्या आसपासची, कारण आखूड साखळ्यांचा रस साच्याच्या कोनाकोपऱ्यात सहज वाहतो.

काम संपलं, की थेंबाच्या जागी सुमारे दीड दशांश मिलिमीटरचा पांढरा कण उरतो. भिंगाखाली तो राजगिऱ्याच्या लाडवासारखा दिसतो, बारीक दाणे एकमेकांना चिकटलेले आणि मधे पोकळ्या. या पोकळ्या मुद्दाम राखलेल्या असतात. न जोडला गेलेला व्हिनाइल क्लोराइड वायू वाफेने हुसकून काढताना तो याच वाटांनी बाहेर येतो. आणि ही वाफेची पायरी फार महत्त्वाची आहे. 1974 साली अमेरिकेत लुइव्हिल इथल्या पीव्हीसी कारखान्यात कामगारांना यकृताचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग झाल्याचं उघड झालं आणि त्याचं कारण हा वायू असल्याचं सिद्ध झालं. त्याआधी पात्रं घासून साफ करायला माणसं आत उतरत असत. त्यानंतर जगभर पात्रं बंदिस्त झाली, हवेतल्या वायूवर कडक मर्यादा आल्या आणि पावडरीत उरलेला अंश दशलक्षात एखाद्या भागापर्यंत खाली आणण्याची पद्धत रुळली. जोडलेली साखळी आणि सुटा रेणू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे ध्यानात धरायचं. पाइपातून पाणी पिणाऱ्याचा संबंध साखळीशी येतो. कारखान्यात आणि त्याच्या आसपास राहणाऱ्याने मात्र सुट्या रेणूबद्दल प्रश्न विचारत राहणं हा त्याचा हक्क आहे.

आता त्या काळं पडण्याकडे येऊ. साखळीत एकाआड एक कार्बनावर क्लोरीन बसलेला असतो. तापवल्यावर कुठेतरी एक क्लोरीन शेजारचा हायड्रोजन घेऊन निसटतो आणि दोघे मिळून हायड्रोजन क्लोराइड म्हणून उडून जातात. मागे दुहेरी बंध उरतो. त्या बंधामुळे पुढचा क्लोरीन सैल होतो, तोही जातो, मग त्याच्या पुढचा. साखळी ओळीने उसवत जाते. उडालेलं आम्ल ही क्रिया आणखी वाढवतं. उसवलेला भाग आधी पिवळा, मग तांबूस, शेवटी काळा दिसतो. आपल्याकडे वाडीत हे पाहायला मिळतं. कपलर हाताशी नसला, की गडी वाळलेल्या झावळ्या पेटवून त्यावर पाइपाचं टोक फिरवत शेकतो, मऊ झालं की दुसऱ्या पाइपाचं टोक त्यात घुसवून सॉकेट काढतो. जाळ बेताचा असला तर टोक नुसतं मऊ होतं. जरा जास्त लागला की तिथे तपकिरी डाग उठतो आणि नाकाला झोंबणारा वास येतो. तो वास हायड्रोजन क्लोराइड होऊन निसटलेल्या क्लोरीनचा. डाग उठला तेवढी जागा ठिसूळ झाली असं समजून ती कापून टाकावी. पंप सुरू झाल्यावर पाइप बहुतेक वेळा तिथेच चिरतो.

म्हणून पीव्हीसी कधीच एकट्याने वापरत नाहीत. पाइप कारखान्यात पावडरीत स्टॅबिलायझर घालतात. ते उडणारं आम्ल टिपून घेतं आणि उसवण थांबवतं. पूर्वी हे काम शिशाची संयुगं करत. ती स्वस्त आणि परिणामकारक होती, पण शिसं पाण्यात उतरण्याचा धोका होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2021 साली पाइप आणि फिटिंगमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबद्दल नियम काढले, आणि आता कॅल्शियम-झिंक किंवा कथिलाची संयुगं वापरली जातात. त्याशिवाय यंत्राला चिकटू नये म्हणून मेणासारखी वंगणं, थोडी चुन्याच्या दगडाची पूड आणि उन्हापासून आड म्हणून टिटॅनियम डायऑक्साइड. पूड थोडी असेल तर हरकत नाही. ती जास्त झाली, की पाइप वजनाला जड, भावाला स्वस्त आणि दगडाच्या ठोक्याला काचेसारखा फुटणारा होतो. हे मिश्रण दोन मळसूत्रांच्या यंत्रात 180 ते 200 अंशांवर मळून साच्याच्या गोल फटीतून बाहेर ढकलतात, निर्वात चौकटीत त्याचा आकार पक्का करतात, पाण्याच्या टाकीतून नेऊन गार करतात आणि 6 मीटरला कापतात. हाच आपला वीस फुटी पाइप.

पाइपात मऊ करणारं काही घातलेलं नसतं, म्हणून त्याला अनप्लॅस्टिसाइज्ड, म्हणजे यूपीव्हीसी म्हणतात. याच पावडरीत तेलासारखं प्लॅस्टिसायझर मुरवलं, की सगळा स्वभाव पालटतो. एरवी क्लोरीनमुळे साखळ्या एकमेकींना ओढून धरतात आणि वस्तू ताठ राहते. प्लॅस्टिसायझरचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरून ही ओढ ढिली करतात. अमेरिकेत गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी 1926 साली हे शोधलं आणि बाउमान यांच्या त्या निरुपयोगी पांढऱ्या पदार्थाला बाजार मिळाला. विजेच्या वायरीचं आवरण, रेक्झिन, बागेतली लवचीक नळी, सलाइनची नळी हे सगळं मऊ पीव्हीसी. छाब्रिया बंधूंनी 1958 साली पुण्यात सुरू केलेल्या फिनोलेक्सच्या धंद्याची सुरुवात पीव्हीसीच्या आवरणाच्या केबलींपासूनच झाली होती. पाइप आणि पावडर पुष्कळ नंतरची.

रक्ताची पिशवी हे मऊ पीव्हीसीचं विलक्षण उदाहरण आहे. तिच्यातलं डीईएचपी नावाचं प्लॅस्टिसायझर थोडंथोडं रक्तात उतरतं. लहान मुलांच्या खेळण्यांत याच द्रव्यावर अनेक देशांनी बंधनं घातली आहेत. पण रक्तात उतरलेला हाच अंश लाल पेशींच्या आवरणाला बळकटी देतो आणि साठवलेलं रक्त जास्त दिवस टिकतं. त्यामुळे तिथे त्याला पर्याय शोधणं सोपं गेलेलं नाही.

पण कोकणात पीव्हीसी म्हटलं की पाइपच डोळ्यांपुढे येतो, आणि तो इथे रुजला त्याला कारणं आहेत. खारं वारं, आम्लधर्मी जांभी माती आणि लोहयुक्त पाणी यांत लोखंडी पाइप गंजतो, आतून खपल्या धरून त्याचं तोंड अरुंद होतं. पीव्हीसीला मीठ, आम्ल, खत यांपैकी कशाचंच काही वाटत नाही आणि आतून गुळगुळीत असल्यामुळे पाणी कमी अडतं. वजन लोखंडाच्या पाचव्या हिश्श्याइतकं, त्यामुळे वीस फुटी पाइप खांद्यावर टाकून एकटा माणूस घाटी चढतो. पूर्वी पाट काढून किंवा पोफळीच्या खोडाच्या पन्हळी जोडून पाणी उताराने न्यायचं, आणि वर चढवायचं तर माणसाच्या किंवा बैलाच्या अंगमेहनतीवर. मोटारपंप आणि पीव्हीसीचा पाइप एकत्र आले, तेव्हा खालच्या पऱ्याचं पाणी सड्यावरच्या कलमांना पोचलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मार्च-एप्रिलमध्ये सडा कोरडा ठणठणीत असतो. नवीन कलमांची पहिली काही वर्षं याच पाइपावर निभतात.

आता पाइप घेताना. त्याच्या अंगावर छापलेली ओळ वाचायची सवय लावावी. आयएसआयची खूण आणि 'आयएस 4985' हा आकडा असेल तर तो पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपाच्या भारतीय मानकानुसार बनवल्याचा दावा आहे. मिलिमीटरमधला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. दुकानात ज्याला दोन इंची म्हणतात तो 63 चा, अडीच इंची 75 चा, तीन इंची 90 चा. त्यापुढे दाबाचा आकडा येतो: 2.5, 4, 6, 8, 10 किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढा. दहा मीटर उभ्या उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो होतो. पऱ्या आणि सडा यांत साठ मीटरची चढण असेल तर पंपापाशी सहा किलोचा दाब नुसत्या उंचीनेच आला. त्यात पाइपातल्या घर्षणाची भर, आणि वीज गेल्यावर वर चढलेला पाण्याचा लोट मागे येऊन व्हॉल्व्हवर आदळतो त्या धक्क्याची भर. तिथे सहा किलोचा पाइप टाकणं म्हणजे फुटण्याची तारीख ठरवून ठेवणं. खालच्या भागात दहा किलोचा घ्यावा, चढण निम्मी संपली की सहाचा चालतो, वर सड्यावर चारचा पुरतो. सगळीकडे एकच जाडी टाकण्यापेक्षा यात पैसेही वाचतात आणि खालचा पाइपही टिकतो.

या दाबाच्या आकड्यात एक अट दडलेली आहे, तो 27 अंशांना दिलेला असतो. क्लोरीनमुळे ताठ राहिलेल्या साखळ्या साधारण 80 अंशांजवळ सैल होतात, पण ताकद त्याच्या कितीतरी आधीपासून उतरत जाते. एप्रिलमध्ये भर दुपारी काळ्या कातळावर उघडा पडलेला पाइप हाताला चटका देतो. त्या वेळी त्याच्या अंगात छापलेल्या दाबाइतकं बळ नसतं. शिवाय तो लांबतो. शंभर मीटरचा पाइप रात्रीच्या गारव्यातून दुपारच्या तापात पंचवीस अंशांनी तापला, तर साधारण 15 ते 20 सेंटिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो. दोन्ही टोकं सिमेंटात पक्की केलेली असतील तर ही ओढाताण सांध्यांवर येते. ऊन पृष्ठभागावरच्या साखळ्याही उसवतं. पाइप पिवळट होतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, आणि मग एखादी फांदी पडली तरी तडकतो. यावर उपाय मातीचा. जिथे खणता येतं तिथे पुरावा. खाली धारदार दगड राहू देऊ नये, कारण एकाच टोकावर भार आला की पाइप तिथून चिरतो; बारीक माती किंवा वाळूची गादी करावी. कातळावर खणणं शक्य नसेल तर निदान दोन्ही बाजूंना दगडांची रांग लावून मधे माती ओढावी. सोलर हीटरच्या गरम पाण्याला हा पाइप लावूच नये. त्यासाठी सीपीव्हीसी असतं, पीव्हीसीच्या साखळीवर आणखी क्लोरीन चढवून केलेलं. त्याचा क्लोरीन 57 टक्क्यांवरून 65 च्या आसपास जातो आणि तेवढ्याने ते बंबाच्या पाण्याचा ताप सोसतं.

सांध्याचं सोल्युशनही क्लोरीनच्याच कृपेने काम करतं. ते साध्या अर्थाने डिंक नाही. टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या द्रावकात थोडं पीव्हीसीच विरघळवलेलं असतं. ब्रशने लावलं की दोन्ही पृष्ठभाग मऊ होतात, साखळ्या एकमेकींत शिरतात, द्रावक उडून जातं आणि दोन पाइप एकजीव होतात. काळ्या पॉलिथिलीन पाइपाच्या साखळ्यांत क्लोरीन नसतो, त्यांवर असल्या द्रावकाची मात्रा चालत नाही. त्यांचे सांधे तापवून नाहीतर क्लॅम्पने करावे लागतात. पीव्हीसीचा सांधा करताना टोक काटकोनात कापावं, कानसेने कड उतरवावी, माती आणि ओल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावी. दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ थर द्यावा, पाइप दाबताना पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा, नाहीतर तो मागे सरकतो. बाहेर आलेलं सोल्युशन पुसून टाकावं, कारण साचलेला गोळा पाइपाला खात राहतो. आणि एक दिवस पंप लावू नये. पावसाळ्यात ओल्या पाइपावर केलेला सांधा गळतो तेव्हा दोष सोल्युशनला दिला जातो, पण पाण्याचा थर मधे असताना साखळ्या एकमेकींपर्यंत पोचलेल्याच नसतात.

विझण्याच्या बाबतीत हाच क्लोरीन राखणदार आहे. जाळ काढून घेतला की पीव्हीसी सहसा आपोआप विझतं, म्हणून भिंतीतल्या वायरींना त्याचं आवरण देतात. पण सतत जाळात ठेवलं तर तोच क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर येतो आणि धुमसत्या, अर्धवट जळणाऱ्या ढिगाऱ्यात डायॉक्सिन नावाची अतिविषारी संयुगं तयार होतात. तांबं काढण्यासाठी वायरी जाळतात तिथला धूर हाच. वाडीतला पालापाचोळा पेटवताना त्यात पाइपाचे तुकडे, जुनं रेक्झिन, सलाइनच्या नळ्या जाऊ देऊ नयेत. जुना पाइप दळून पुन्हा पाइपात किंवा केबलच्या नळीत वापरता येतो, फक्त तो इतर प्लॅस्टिकपासून वेगळा काढलेला हवा. निवडणं अवघड नाही. बादलीभर पाण्यात तुकडे टाकावेत. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगतात. ताठ पीव्हीसीची घनता 1.4 च्या आसपास, म्हणून ते तळाला जातं. शीतपेयाच्या बाटलीचं पीईटीही बुडतं, तेव्हा बाटल्या आधीच बाजूला काढाव्यात. पीव्हीसीचा थोडासा चुरा गेला तरी पीईटीचा सगळा घाणा पिवळा पडतो. त्रिकोणातला 3 हा आकडा असेल तर बादलीचीही गरज नाही. पाइपावर तो बहुधा नसतो, पण पाइप ओळखायला आकडा लागत नाही. भंगारवाल्याकडे पाइपाचे तुकडे वेगळ्या गोणीत द्यावेत.